मोगरीच्या घेराचा दोरा

प्रताप नगर, नागपूर
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय धोंडबा,

मोगरी सुखरूप पोहोचली हे टेम्पोवाल्या विक्कीने कळवलं. म्हणजे त्याने सूनबाईंना, मुग्धाला, फोनवर सांगितलं आणि तिने ते पाटीवर लिहून मला दाखवलं. माझे कान आता पार कामातून गेले आहेत. यंत्र लावलं की नुसती शिट्टी वाजते. तेव्हा फोनच्या भानगडीत पडू नकोस, पत्र लिही. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे हे खाप्याच्या दवाखान्यात असतानाही मला कबूल करावं लागायचं. मी तिथे नावाचा साहेब होतो, रजिस्टर सगळं तुझ्या हातचं.

ही जोखीम तुझ्या गळ्यात बांधताना बरं वाटलं नाही. पण तिच्याच लिदीवरून घसरलो आणि खुब्याचं हाड मोडून बसलो. तीन महिने गाडीत बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. जन्मभर लोकांच्या गाई-म्हशींवर उपचार केलेल्या माणसाचा मुलगा असून केयूर घोडीच्या चार हात लांबून जातो. बावीस वर्षांची, वरातींतून निवृत्त झालेली घोडी इथे कोण सांभाळणार? बँडवाला तिला काढून टाकत होता तेव्हा मीच हट्टाने आणली, त्यामुळे आता घरात बोलायची सोय नाही. फक्त तीन महिने सांभाळ. मी चालायला लागलो की घेऊन जातो.

आता काम सांगतो. म्हातारं जनावर आतून खंगत जातं आणि थंडीचे केस वाढले की बरगड्या झाकल्या जातात, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. तुझ्या लेकीने, भावनाने, मोबाइलवर फोटो काढून पाठवायची तसदी घेऊ नये. फोटोत नुसतं पोट दिसतं. कळमन्याच्या बाजारातल्या गाड्या तोलायच्या धर्मकाट्यापर्यंत तिला नेणं तिच्या पायांना झेपायचं नाही. म्हणून आपली जुनी रीत वापरू. गोधडी शिवायचा जाड दोरा घे, ताणला तरी वाढत नाही असा. पुढच्या पायाच्या कोपराला लागून मागे, वर मान संपते तिथल्या उंचवट्यावरून, छातीभोवती एक वेढा घे. तिने श्वास सोडला की काप. दुसरा दोरा खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत. हा एकदाच लागेल, लांबी काही बदलत नाही. सेंटिमीटरमध्ये घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले अकरा हजार आठशे ऐंशी, की किलोत वजन आलं. पाच-दहा किलो इकडेतिकडे होतं, पण दर वेळी एकाच हाताने मोजलं तर वाढ-घट बरोबर कळते.

तू फक्त दोरा कापून पाठव. आकडा मी इथे काढतो.

तुझा
शरच्चंद्र

*

खापा
१९ नोव्हेंबर २०२४

साहेबांना धोंडबाचा नमस्कार.

पत्र मिळालं. दोन्ही दोरे पाकिटात आहेत. एक गाठ मारलेला लांबीचा, दोन गाठी मारलेला घेराचा. मोगरी मोजताना शांत उभी राहते. वरातीत फटाके ऐकून ऐकून तिला कशाचंच काही वाटत नाही. आमची घरधनीण तुळसा मात्र दुरून ओरडली, "घोडीले ब्लाउज शिवून राहिले का?"

तिला गोठ्यात न बांधता घरामागच्या निंबाखाली बांधतो. गोठ्यात बकऱ्या आहेत आणि त्या तिच्या पुढ्यातलं खातात. सकाळी कन्हान नदीच्या काठाने थोडं फिरवतो. गावातल्या पोरी तिच्या कपाळाला हात लावून जातात. कोणाचं तरी लग्न जमेल असं त्यांना वाटतं. भावना माहेरपणाला आली आहे, तिला तर घोडी सोडवत नाही.

तुमच्या खुब्याला आराम पडो. इथली काळजी करू नका.

आपला
धोंडबा

*

प्रताप नगर, नागपूर
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय धोंडबा,

घेर १६०, लांबी १४५. वजन ३१२ किलो. त्या अंगकाठीला हे अगदी योग्य आहे. मी लगेच मुग्धाच्या देखत आकडेमोड केली, पण तिने फक्त कागदावर दोऱ्याला चिकटलेले पांढरे केस झटकले. दोऱ्याला मोगरीचा वास येत होता. बराच वेळ तो टेबलावरच राहू दिला.

जंताचं औषध याच वजनाने द्यायचं. पिचकारीच्या दांडीवर किलोचे आकडे असतात, कडं ३१२च्या जवळ फिरव आणि जिभेच्या मुळाशी सोड.

दोऱ्याची युक्ती आपण काय शोधली होती नाही? खाप्याचे शेतकरी अजून आठवत असतील. तू दारात जनावर मोजून दोरा घेऊन यायचास, मी टेबलाच्या पितळी पट्टीवर लावून आकडा सांगायचो. सगळा दवाखाना घड्याळासारखा चालायचा. जिल्ह्यातले साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी किती कौतुक केलं होतं. ते दिवस आठवले की पाय दुखायचा थांबतो.

तीन आठवड्यांनी पुढचा दोरा पाठव.

तुझा
शरच्चंद्र

*

खापा
१० डिसेंबर २०२४

साहेबांना नमस्कार.

जंताचं औषध दिलं. पिचकारी पाहून तिने तोंड वळवलं, पण नंतर घेतलं. या वेळचा दोरा सोबत आहे. हातात धरल्यावर मला तो आधीच्यापेक्षा जरा आखूड वाटतो. तुम्ही पाहाच.

खाणं देतो तसंच देतो. कडबा, हरभऱ्याचं कुटार, सकाळ-संध्याकाळ भिजवलेले चणे आणि गव्हाचा कोंडा. एक गंमत करते. कडबा तोंडात घेते, बराच वेळ चावते आणि मग त्याचा ओला गोळा करून खाली टाकते. सकाळी निंबाखाली असे वीस-पंचवीस गोळे पडलेले असतात. तुळसा म्हणते, म्हातारपणी पान खायची सवय लागली. शहरातल्या घोडीला गावचा चारा आवडत नसेल असं मला वाटतं. तुमच्याकडे ती काय खायची ते सविस्तर लिहा, म्हणजे तसं करतो.

आपला
धोंडबा

*

प्रताप नगर, नागपूर
१६ डिसेंबर २०२४

धोंडबा,

तीन वेळा मोजलं. १५७. म्हणजे ३०१ किलो. तीन आठवड्यांत अकरा किलो कुठे गेले?

चारा हलका असला की जनावर चघळून टाकणारच. त्यात गंमत कसली? कडबा काळा पडलेला आहे का, चण्याला कीड आहे का, पाणी बर्फासारखं गार देतोस का, हे सगळं तू बघायचं की मी इथे खाटेवर पडून बघायचं? सविस्तर लिहा म्हणे. पंचवीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढलीस तू.

पोळ्याच्या वेळचा तो बैल आठवतो ना? तेव्हाही असंच म्हणाला होतास, साहेब मी नीटच मोजलं. माणसाने एकदा धडा घ्यावा. सबंध नागपूर सोडून तुझ्या भरवशावर मोगरी टाकली ती काही उगाच नाही. एवढं एकच काम सांगितलं होतं.

चणे अर्धा किलो वाढव. पुढच्या दोऱ्यात वजन भरलेलं दिसलं पाहिजे.

शरच्चंद्र

*

खापा
२ जानेवारी २०२५

साहेबांना नवीन वर्षाचा नमस्कार.

आपल्या सूचनेप्रमाणे सगळं केलं. चणे वाढवले, कडबा बदलला. मोगरी आता बरी आहे. दोरा पाठवतो.

पत्राला उशीर झाला त्याबद्दल क्षमा असावी. भावना सासरी गेली, तिला सोडायला गेलो होतो.

आपला
धोंडबा

*

प्रताप नगर, नागपूर
८ जानेवारी २०२५

प्रिय धोंडबा,

१६०. पुन्हा ३१२. शाब्बास.

मागच्या पत्रात जरा जास्तच बोललो. पडून राहिलं की माणसाचं डोकं तापतं. मनावर घेऊ नकोस. तू घेत नाहीस म्हणूनच मी बोलतो.

मी आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. गाडीचं मात्र डॉक्टर अजून नाहीच म्हणतात. मोगरी तुझ्याकडे सुखात आहे, मग घाई तरी कशाला? केयूर विचारत होता, घोडी कशी आहे. मी सांगितलं, माझ्यापेक्षा बरी.

तुळसाबाईंना नमस्कार सांग.

तुझा
शरच्चंद्र

*

खापा
२० जानेवारी २०२५

साहेबांना नमस्कार.

मोगरी ठीक आहे. दोरा पाठवतो. थंडी फार पडली आहे, तिच्या अंगावर पोत्यांची झूल टाकतो.

आपण गाडीत बसू लागलात की कळवावं. येण्याआधी कळवलं तर बरं होईल.

आपला
धोंडबा

*

प्रताप नगर, नागपूर
२७ जानेवारी २०२५

प्रिय धोंडबा,

१६१. म्हणजे ३१६ किलो. छानच.

तीन महिने होत आले, पण माझं येणं इतक्यात जमेलसं दिसत नाही. आणि एक सांगतो, दर वेळी दोऱ्याचा खटाटोप आता नको. तुझं सगळं व्यवस्थित चाललं आहे. पुढच्या महिन्यात नाही पाठवलास तरी चालेल.

तुझा
शरच्चंद्र

*

खापा
९ फेब्रुवारी २०२५

साहेबांना नमस्कार.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

मोगरी मंगळवारी सकाळी खाली बसली ती उठलीच नाही. मी, शेजारचा जितेंद्र आणि आणखी दोघांनी पोटाखालून पोती घालून तिला उभी केली. झूल बाजूला सरकली तेव्हा त्या तिघांनी तिचं अंग पाहिलं. जितेंद्र माझ्याकडे बघतच राहिला. मला त्याच्यासमोर उभं राहवेना. पाणी आणतो म्हणून घरात गेलो आणि चुलीपाशी बसून राहिलो.

साहेब, जानेवारीचे दोन्ही दोरे खोटे होते. पहिल्या वेळी दोरा पाठवताना त्याच मापाचा एक मी घरी ठेवला होता, आपल्याजवळ असावा म्हणून. तुमचं डिसेंबरचं पत्र आलं त्यानंतर मोगरी मोजली, तर दोरा आणखी चार बोटं आखूड भरला. तो पाठवायची माझी छाती झाली नाही. घरचा दोरा मापाला धरून नवीन कापला आणि तोच पाकिटात टाकला. दुसऱ्या वेळी त्यात एक सेंटिमीटर माझ्या मनाने वाढवला. एकदा पाठवल्यावर खरं कसं लिहायचं? रोज तिच्या पुढ्यात चणे टाकायचो आणि तिच्याकडे न बघता निघून यायचो. झूल थंडीसाठी नव्हती. लोकांना दिसू नये म्हणून होती.

तुळसाला सुरुवातीपासून ठाऊक होतं. ती रोज म्हणायची, "घोडी वाळून राहिली अन् तुम्ही दोरा लांब करून राहिले. काहून? साहेब काय खाऊन टाकतीन तुमाले? खरं लिहा ना त्याइले." मी तिच्यावरच ओरडायचो. चाळीस वर्षांच्या संसारात इतका कधी ओरडलो नाही.

मंगळवारीच सावनेरहून डॉक्टर रितिकाबाईंना बोलावलं. तुमच्या-माझ्या वेळी असे डॉक्टर नव्हते. त्यांनी लीद हातात घेऊन पाहिली, आख्खे चणे तसेच बाहेर पडलेले. मग निंबाखालचा एक गोळा उचलला आणि मला विचारलं, "काका, हे किती दिवसांपासून सुरू आहे?" मी म्हणालो, दोन महिने. त्यांनी तिचं तोंड उघडून बॅटरीने मला दाखवलं. दाढांच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या. गालाला आतून जखमा, जिभेला जखमा, आणि एक दाढ हलत होती. तिला भूक होती साहेब. रोज खायला बघायची आणि चावताना गाल कापला जायचा म्हणून टाकून द्यायची. बाई म्हणाल्या, "डिसेंबरमध्ये कळवलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं." आता अंगात इतकी शक्ती नाही की गुंगीचं औषध एकदम देता येईल. आधी पातळ खाणं घालून चार-आठ दिवस तगली तर दाढा घासू, असं त्या म्हणाल्या.

खरा दोरा सोबत आहे. तो मीच मोजला, आमच्याकडच्या टेपने. १४७. हिशेब पण केला. २६४ किलो.

मला टेप वाचता येते साहेब. तेव्हाही येत होती. तुम्हाला वाटतं दोऱ्याची युक्ती आपण दोघांनी शोधली. पोळ्याच्या आठवड्यात वीस-बावीस शेतकरी बैल घेऊन उभे होते, तेव्हा मी एका बैलाच्या घेराचा १९६ आकडा सांगितला आणि तुम्ही म्हणालात, बैल आहे की हत्ती, याला टेपसुद्धा वाचता येत नाही, उद्यापासून नुसता दोरा कापून आण. सगळे हसले. गावात मला दोरेवाला म्हणायला लागले. भावना तेव्हा दुसरीत होती. ती शाळेतून रडत आली आणि म्हणाली, बाबा, तुमाले खरंच वाचता येत नाही का? त्या संध्याकाळी मी त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन बैल पुन्हा मोजला. १९६च होता. मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही साहेब होता.

हे मी माझी चूक झाकायला लिहीत नाही. मोगरीने कोणाचं काय केलं होतं? चूक माझी आहे. तुमच्या पत्रात त्या बैलाचं नाव वाचलं आणि मी पुन्हा तिथेच जाऊन उभा राहिलो, एवढंच सांगायचं आहे. पासष्ट वर्षांच्या माणसाला इतकी भीती वाटावी याची मला लाज वाटते. मोगरी मेली तर तुम्हाला तोंड कसं दाखवू, कळत नाही.

आपला
धोंडबा

*

प्रताप नगर, नागपूर
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय धोंडबा,

तुझं पत्र दुपारी आलं. मुग्धाने पाटीवर लिहून विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं, सगळं ठीक आहे. म्हणजे बघ, पत्र हातात असतानासुद्धा माझ्या तोंडून खोटंच निघालं.

तू खरं लिहिलंस, आता मीही लिहितो. मला माहीत होतं.

जानेवारीचा पहिला दोरा पाकिटातून काढला तेव्हाच कळलं. आधीचे दोन मळकट होते, त्यांना केस चिकटलेले होते. हा कोरा होता, नुकताच रिळावरून काढलेला. पट्टीवर लावला तर पहिल्या दोऱ्याशी केसाचाही फरक नाही. जिवंत जनावराचा घेर सकाळ-संध्याकाळसुद्धा बोटभर बदलतो, हे मीच तुला शिकवलं असेल. मी तो कोरा दोरा हातात धरून बसलो आणि मग कागद घेऊन तुला शाब्बास लिहिलं.

गोळ्यांचंही तसंच. दुसऱ्याच पत्रात तू सगळं लिहिलं होतंस. घोडं चारा चावून गोळे टाकायला लागलं की आधी तोंड उघडून दाढा बघायच्या, हे मी नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात सांगायचो. वाचताना ते माझ्या मनात आलं नाही असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. आलं होतं. दाढा म्हटलं की तिला नागपूरला आणून इथल्या मोठ्या दवाखान्यात दाखवणं आलं, आणि आणून ठेवणार कुठे? तिची जागा आता राहिलेली नाही. ३ डिसेंबरला केयूरने मागच्या अंगणात फरशा बसवल्या आणि गाडीसाठी पत्र्याचं छप्पर केलं. मी खिडकीतून बघत होतो. मी खुब्यासाठी दवाखान्यात होतो तेव्हाच त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं की घोडी परत येणार नाही. तुला मात्र तीन महिने म्हणालो. कायमची ठेव म्हणायला तोंड नव्हतं. म्हणून तुझ्यावर चारा हलका घातल्याचा ठपका ठेवला. तो माझ्या सोयीचा होता.

मग तू खोटे दोरे पाठवायला लागलास आणि मला सुटल्यासारखं वाटलं. वजन ठीक आहे, कागदावर तसा आकडा आहे, मग मी काहीच करायला नको. शेवटी तर दोरा पाठवूच नकोस म्हणून लिहिलं. उद्या तूच घाबरून खरा दोरा पाठवशील अशी मला धास्ती होती. केयूरला एक शब्द सांगितला असता तर त्याने दीड तासात मला तुझ्या दारात उतरवलं असतं. डॉक्टरांनी गाडीची परवानगी १० जानेवारीलाच दिली होती.

त्या बैलाबद्दल काय लिहू? मला खरंच वाटायचं की ती आपली युक्ती होती. इतकी वर्षं मी ती गोष्ट कौतुकाने सांगत आलो, नातवंडांनासुद्धा. तू समोर असताना सांगितली आहे मी, भावनाच्या लग्नात, पंगतीत बसून. तू तेव्हा वाढत होतास.

मला क्षमा कर. डॉक्टर रितिकाबाई सांगतील ते सगळं कर. मोगरी आहे की गेली, तेवढं एका ओळीत कळव.

तुझा
शरच्चंद्र

*

खापा
१ मार्च २०२५

साहेब, जय भीम.

मोगरी आहे. आठ दिवस कोंड्याची आणि गुळाची पातळ पेज पाजली. मग बाईंनी दाढा घासल्या, हलणारी एक काढली. आता भिजवलेलं कुटार खाते आणि खाली टाकत नाही. परवा स्वतःहून उठली. पण मागचा डावा पाय टाकत नाही नीट, आणि बाई म्हणतात तो तसाच राहील. इतके दिवस अंग स्वतःचंच मांस खात होतं, त्यातलं सगळं भरून येत नाही.

तुमचं पत्र वाचून मला बरं वाटायला हवं होतं. एकट्याची चूक नव्हती असं कळल्यावर माणसाला हलकं वाटतं. मला वाटलं नाही. मला राग आला. तुमच्यावर रागावायची सवय नाही, म्हणून दहा दिवस थांबलो, जाईल म्हणून. तो गेला नाही.

मी खोटं लिहिलं ते घाबरून. तुम्ही ते ओळखलं आणि मला खोटं बोलत राहू दिलं. तुमच्या एका ओळीने मी मोकळा झालो असतो. धोंडबा, दोरा खोटा आहे, खरं सांग, मी रागावणार नाही. एवढंच लिहायचं होतं. दोन महिने मी गावातून खाली मान घालून चाललो. बायकोवर ओरडलो. भावनाला घरी येऊ नको म्हणून कळवलं, तिने घोडी पाहिली असती म्हणून. आणि तिकडे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मोगरी उपाशी होती तेव्हा आपल्या दोघांनाही ठाऊक होतं साहेब, आणि आपण एकमेकांना नमस्कार लिहीत होतो.

तुळसाला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दोघंही सारखेच निघाले. त्या मुक्या जीवाले काय सांगाल आता?" आणि पेजेची बादली उचलून मागे गेली.

मोगरी आता परत पाठवणार नाही. तुमच्याकडे जागा नाही म्हणून नाही. ती माझ्या हातून मरता मरता राहिली, आता तिला मीच बघणार आहे. तिच्या खाण्याची काळजी तुम्ही करू नका. मला ते जमतं, आणि आता बाईंकडून दाढा बघायलाही शिकलो आहे.

तुम्ही क्षमा मागितली आहे. ती मला पत्रातून देता येत नाही. चार लोकांसमोर गेलेली गोष्ट टपालाने परत येत नाही. काल तिला मोजलं. आकडा माझ्याजवळ आहे, पण तो लिहीत नाही आणि दोराही पाठवत नाही. तुम्हाला हवा असेल तर इथे यावं लागेल. केयूरला घेऊन या, त्यालाही घोडी बघू दे. ९ मार्चला, रविवारी, भावना येणार आहे, जितेंद्र असेल, आणि त्या पोळ्याच्या वेळच्या वीस-बावीस जणांतले जे हयात आहेत त्यांना मी बोलावतो. त्यांच्यासमोर तुम्ही स्वतःच्या हाताने टेप तिच्या छातीभोवती धरायची. कातडीखाली काय उरलं आहे ते तुमच्या बोटांना कळेल. आकडा मी वाचीन, तुम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, आणि तुम्ही तो लिहून घ्याल.

धोंडबा